शंभर शेळ्यांचा उद्योजक आणि चार शेळ्यांची बाई

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने पशुपालन व्यवसायाला 'कृषी समकक्ष' दर्जा देण्याचा निर्णय घेतला. असा निर्णय घेणारे आपलेच राज्य देशात पहिले, असा गाजावाजाही झाला. या निर्णयाने पशुपालकाला शेतीच्या दराने वीज मिळणार, सौर पंपाला अनुदान मिळणार, कर्जाच्या व्याजात सवलत मिळणार आणि ग्रामपंचायतीचा करही शेतीसारखाच लागणार. ही सवलत कोणाला, याच्या मर्यादाही ठरल्या. शंभर दुधाळ जनावरांपर्यंतचा गोठा, पाचशेपर्यंत शेळ्या-मेंढ्या, दोनशेपर्यंत डुकरे, पंचवीस हजारांपर्यंत मांसल कोंबड्या. वरची मर्यादा काळजीपूर्वक आखली आहे. खालची मर्यादा आखण्याची गरजच कोणाला वाटली नाही, कारण खाली कोण आहे हे मंत्रालयातून दिसत नाही.

खाली आहे ती चार शेळ्यांची बाई. तिच्या शेळ्या घराच्या पडवीत किंवा दारातल्या खुंटीला बांधलेल्या असतात. गोठाच नाही, तर गोठ्याला वीजमीटर कुठून असणार? ज्या बँकेच्या व्याजात सवलत द्यायची ती बँक तिला दारात उभी करीत नाही. दर्जा मिळाला तो व्यवसायाला. ती व्यवसायातच मोडत नाही. सरकारी कागदावर ती शेतमजूर आहे, आणि शेळ्या हा तिचा 'जोडधंदा'.

पण आकडे वेगळेच सांगतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. २०१२ च्या तुलनेत ही वाढ २५ टक्क्यांच्या घरात जाते. त्याच सात वर्षांत राज्यातील गाय-बैलांची संख्या दहा टक्क्यांच्या आसपास घटली. ज्या जनावरासाठी आयोग नेमले, मिशन काढले, कायदे केले ते कमी झाले, आणि जिला कोणी माता म्हणत नाही ती शेळी वाढली. ती वाढवली कोणी? ज्याच्याकडे पाच एकर बागायत आहे त्याने नव्हे. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा २०११ च्या जनगणनेप्रमाणे १६.६ टक्के आहे, पण वहितीखालच्या जमिनीत तो वाटा २०१५-१६ च्या कृषिगणनेत नऊ टक्क्यांच्याही आत राहिला. जमीन नसलेल्याच्या हाती जे येऊ शकते ते वाढले, एवढाच याचा अर्थ.

आता प्रश्न असा की, या माणसांपर्यंत नवे तंत्रज्ञान पोहोचवण्याची जबाबदारी ज्यांची आहे ती विद्यापीठे काय करतात? नागपूरला २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. १८८६ पासून चालत आलेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथील महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. कृषी विज्ञान केंद्रे आहेत. १९७४ साली पुदुच्चेरीत सुरू झालेले पहिले केंद्र धरून देशात त्यांची संख्या आज सातशेहून अधिक आहे. या सर्वांच्या कामाचे तीन भाग सांगितले जातात : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे प्रयोगशाळेत जे कळले ते शेतकऱ्याच्या दावणीपर्यंत नेणे. आणि याच तिसऱ्या भागाची अवस्था सावत्र पोरासारखी आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ५९ व्या फेरीत, २००३ साली, शेतकरी कुटुंबांना विचारले गेले की, आधुनिक तंत्राची माहिती तुम्हाला कोणाकडून तरी मिळते काय? शेतीबाबत होय म्हणणारे ४० टक्के निघाले. पशुपालनाबाबत माहिती मिळणारे निघाले अवघे ५.१ टक्के. दहा वर्षांनी, २०१३ च्या ७० व्या फेरीतही ५९ टक्के शेतकरी कुटुंबांना सरकारी वा खासगी कोणाकडूनही तांत्रिक साहाय्य मिळाले नव्हते. ही सरासरी आहे, आणि तीत पाटील, देशमुख, बागायतदार सगळे आले. वस्तीचा आकडा वेगळा काढला तर काय निघेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी जरा मागे गेले पाहिजे. १९७० नंतरच्या काळात जागतिक बँकेच्या पैशावर 'प्रशिक्षण व भेट' पद्धत आपल्या देशात आली. कृषी सहायकाने ठरावीक दिवशी गावात जायचे, निवडक 'संपर्क शेतकऱ्या'ला नवे तंत्र शिकवायचे आणि त्याने ते इतरांना सांगायचे. कागदावर फार सुंदर कल्पना. पण गावात ज्ञान पाण्यासारखे वाहत नाही. खुद्द पाणीसुद्धा आपल्या गावात उतार बघून वाहत नाही, जात बघून वाहते; म्हणून तर चवदार तळ्यावर जावे लागले. संपर्क शेतकरी निवडला जाई तो ज्याच्या ओट्यावर साहेबाला खुर्ची आणि चहा मिळे तो. त्याने शिकलेली गोष्ट महारवाड्यात, मांगवाड्यात, पारध्याच्या पालावर कोण घेऊन जाणार होता? ती पद्धत गेली, पण तिची सवय राहिली. संपर्क शेतकऱ्याचा आता 'प्रगतिशील शेतकरी' झाला. त्याच्याच गोठ्यावर प्रात्यक्षिक होते, त्याच्याच बांधावर शिवारफेरी निघते, त्यालाच पुरस्कार मिळतो, आणि पुढच्या वर्षी मार्गदर्शक म्हणून मंचावरही तोच असतो.

आपली कृषी विद्यापीठे अमेरिकेच्या नमुन्यावर उभी राहिली, हे फारसे सांगितले जात नाही. १९६० साली पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले ते इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने. तिकडे १८६२ च्या कायद्याने राज्याराज्यांत जमिनी देऊन कृषी महाविद्यालये निघाली. पण दक्षिणेत त्यांचे दरवाजे काळ्या माणसाला बंद होते. १८९० साली वेगळा कायदा करून काळ्यांची वेगळी महाविद्यालये निघाली. १९१४ साली, म्हणजे बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते त्याच काळात, विस्तारसेवेचा कायदा तेथे झाला. पैसा कोणत्या महाविद्यालयाला द्यायचा हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोडले, आणि दक्षिणेतील गोऱ्या विधिमंडळांनी तो जवळपास सगळा गोऱ्यांच्या महाविद्यालयांना दिला. घटना नवी, जात जुनी!

पण त्याच अमेरिकेत दुसरीही गोष्ट घडली. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत बुकर टी. वॉशिंग्टन आणि गुलामीत जन्मलेले शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १९०६ साली एक घोडागाडी तयार केली. जेसप या देणगीदाराच्या नावाने ती 'जेसप वॅगन' म्हणून ओळखली जाते. तीत अवजारे, बियाणे, दुधाची उपकरणे भरून ती थेट काळ्या कुळांच्या झोपड्यांपर्यंत जायची. त्याच वर्षी टॉमस कॅम्पबेल हा काळा तरुण विस्तार-अधिकारी म्हणून नेमला गेला. शेतकरी विद्यापीठात येऊ शकत नाही ना, मग विद्यापीठच चाकांवर बसवा, हा तो विचार. सरकारी खात्याचा भेदभाव त्याने संपला नाही. १९९९ साली काळ्या शेतकऱ्यांना अमेरिकेच्या कृषी खात्याकडून कर्जवाटपातील भेदभावाबद्दल भरपाई घ्यायला न्यायालयात तडजोड करावी लागली. पण आपल्या माणसांनी आपल्या माणसांपर्यंत शास्त्र नेले, ही गोष्ट राहिली. अमेरिकेचा नमुना आणताना आपल्या राज्यकर्त्यांनी इलिनॉय आणले, टस्कीगी आणले नाही.

विद्यापीठे शिकवतात काय, हेही पाहू. आज शेळीपालनाचे प्रशिक्षण म्हटले की तीन किंवा पाच दिवसांचा वर्ग, शुल्क, नोंदणी, शेवटी प्रमाणपत्र. वर्गात उंच गोठा, मुरघास, हायड्रोपोनिक चारा, कानातले बिल्ले, प्रकल्प अहवाल हे सगळे येते. यातले काही चुकीचे नाही. पण पाच दिवस वर्गात बसायचे तर पाच दिवसांची मजुरी बुडते, आणि त्या पाच दिवसांत घरच्या शेळ्या कोण चारणार? म्हणून वर्गात भरतात ते शहरातून आलेले, नोकरीतून निवृत्त झालेले किंवा जमीन असलेल्यांची मुले. प्रमाणपत्र त्यांना हवेच असते, कारण पुढे अनुदान आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून उद्योजकता योजना आली. सुरुवातीला तीत किमान पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकड लागत. नंतर अट खाली आणली ती शंभर शेळ्या आणि पाच बोकडांवर. पन्नास टक्के अनुदान. लहानात लहान घटकाला दहा लाखांपर्यंत, मोठ्याला पन्नास लाखांपर्यंत. म्हणजे उरलेले दहा लाख आधी तुमच्याकडे किंवा बँकेकडे हवेत, आणि शेड उभारायला जमीन हवी. ज्याच्याकडे दहा लाख आणि जमीन आहे त्याला दहा लाख फुकट!

राज्याची दहा शेळ्या-एक बोकड योजना त्यामानाने बरी. अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान आहे. पण उस्मानाबादी वा संगमनेरी जातीच्या गटाची किंमत एक लाखाच्या वर धरली की लाभार्थ्याचा वाटा पंचवीस हजारांच्या पुढे जातो. भूमिहीन मजुराला तो उभा करायला सावकाराकडेच जावे लागते. आणि शेळ्या मिळाल्यानंतर काय? शेळी देणारे एक खाते, शिकवणारे दुसरे विद्यापीठ, लस देणारा तिसरा दवाखाना. शेळी येते, ज्ञान येत नाही. पहिल्या पावसाळ्यात पीपीआर नाहीतर आंत्रविषार येतो आणि अर्धा कळप आडवा होतो. मग अहवालात लिहितात की, 'लाभार्थ्यांनी जनावरे विकून खाल्ली.' हे वाक्य आमच्या लोकांबद्दल किती वर्षे लिहिले जात आहे, ते कोणीतरी एकदा मोजले पाहिजे.

चार शेळ्यांच्या बाईला लागणारे तंत्रज्ञान फार वेगळे आणि फार स्वस्त आहे. वर्षातून ठरल्या वेळी लस, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंतनाशक. करडू जन्मल्याबरोबर अर्ध्या-एक तासात त्याला चीक पाजणे आणि नाळेला आयोडीन लावणे. करडे दगावण्याचे प्रमाण एवढ्यानेही घटते. आपल्याच शेळीला तिच्याच पोटचा बोकड लागू नये म्हणून दोन-तीन वस्त्यांनी मिळून बोकड बदलून घेणे. उस्मानाबादी शेळी जुळी देते हे सगळ्यांना माहीत आहे. ती जुळी जगवायला तिला शेवटच्या दोन महिन्यांत थोडा जादा खुराक लागतो, हे सांगायला कोणी येत नाही.

आणि सगळ्यात मोठे तंत्रज्ञान म्हणजे वजनकाटा. हसू येईल, पण खरे आहे. बोकडाचा सौदा आजही नजरेच्या अंदाजाने होतो. बाजारात रुमालाखाली दलालांची बोटे बोलतात आणि ज्याचा बोकड आहे त्याला भाव शेवटी कळतो. दारावर आलेला व्यापारी तर पाठीवर हात फिरवून वीस किलोच्या जनावराला पंधरा किलोचे करतो. वस्तीत एक टांगता काटा असेल आणि बाई जिवंत वजनावर भाव मागू लागेल, तर तिच्या उत्पन्नात जी वाढ होईल ती कोणत्याही संकराने होणार नाही. पण वजनकाट्याचे उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत.

मंत्री कशाला येतात? ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान आपल्याच वाशिमला आले होते. गुरांसाठी जनुकीय चिप आणि लिंगनिश्चित वीर्यमात्रेचे देशी तंत्रज्ञान त्यांनी राष्ट्राला अर्पण केले. एका मात्रेमागे सुमारे दोनशे रुपये वाचतील, असे सांगण्यात आले. या तंत्राने जन्माला येणाऱ्या वासरांत नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी असतात. शास्त्र म्हणून ही मोठी गोष्ट आहे आणि आपण विज्ञानवादी असल्याने तिचे स्वागतच करू. पण गोऱ्हा एवढा नकोसा का झाला, हेही विचारले पाहिजे. ट्रॅक्टर आला हे एक कारण. दुसरे कारण सरकारनेच निर्माण केले. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हाताऱ्या बैलाला बाजारात किंमत उरली नाही. कुरेशी, खाटीक, चांभार, ढोर अशा समाजांचा व्यवसाय मोडला; गरीब शेतकऱ्याची मोडीची रक्कम गेली. उच्च न्यायालयाने २०१६ साली परराज्यातले गोमांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. आधी कायद्याने नर जनावर निरुपयोगी करायचे आणि मग ते जन्मूच नये म्हणून तंत्रज्ञान विकायचे. प्रशिक्षणवर्गात या गोष्टीचा पहिला अर्धा भाग शिकवत नाहीत.

चाऱ्याचा प्रश्नही असाच अर्धा शिकवला जातो. 'बंदिस्त शेळीपालन करा, चारा लावा.' कोठे लावा? गावाला गायरान होते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले. त्या लढ्याच्या जोरावर पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ती पूर्णपणे नावावर झालीच नाहीत. २०२२ साली उच्च न्यायालयाने गायराने मोकळी करण्याचा आदेश दिला तेव्हा राज्यातील दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांची चर्चा झाली आणि नोटिसा कोणाच्या दारावर चिकटल्या, ते आपण पाहिले आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये परदेशातून उत्तम शेळ्या-मेंढ्यांचे बेणे आणून येथे पैदास करा, असे सरकारला सांगितले. त्याच पुस्तकात जंगलखात्याने गरिबाच्या जनावरांची चराई बंद केल्याबद्दल त्यांनी सरकारला झोडपलेही आहे. तंत्र आणि जमीन हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले नव्हते. वेगळे केले ते पुढच्या तज्ज्ञांनी.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील की, बाबासाहेबांनी गाव सोडा, ढोरे ओढणे सोडा सांगितले, आणि तुम्ही पुन्हा दावणीला बांधता काय? आक्षेप गंभीर आहे. १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस सोडण्याचा आदेश बाबासाहेबांनी दिला, आणि २०१६ साली उनाच्या अत्याचारानंतर गुजरातेतल्या तरुणांनी मेलेली जनावरे उचलायला नकार देऊन तोच वारसा चालवला. पण मेलेले जनावर ओढणे हे जातीने लादलेले काम होते. जिवंत शेळी ही स्वतःच्या मालकीची संपत्ती आहे. हा फरक नजरेआड करू नये. १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की, धारणक्षेत्र लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. भांडवल आणि साधने यांच्याशी त्याचे प्रमाण काय यावर ते ठरते. शंभर शेळ्यांखाली 'उद्योग' होत नाही असे मानणाऱ्या अधिकाऱ्याने तो निबंध वाचावा. त्याच निबंधात खरा उपाय म्हणून त्यांनी औद्योगिकीकरण सांगितले आहे, हेही आपण विसरता कामा नये. शेळी हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे. पण पोरगी नागपूरला शिकायला पाठवायची तर फीचे पैसे बोकड विकूनच येतात, ही गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

पैसा नाही असेही नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना अनुसूचित जाती उपयोजनेखाली निधी मिळतो. त्यातून मेळावा होतो, मागे निळा फलक लागतो, एक फवारणी पंप किंवा खनिज मिश्रणाची पिशवी हातात देऊन फोटो निघतो. त्याला प्रशिक्षण म्हणतात. राज्याच्या पातळीवर तर उपयोजनेच्या निधीला कायद्याचे संरक्षणच नाही. कर्नाटक, आंध्र यांनी २०१३ मध्ये कायदे केले, तेलंगणाने २०१७ मध्ये, राजस्थानने २०२२ मध्ये. महाराष्ट्राने केला नाही. म्हणूनच मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये दुसऱ्या योजनेकडे वळवता आले आणि खात्याच्या मंत्र्यालाच जाहीर तक्रार करावी लागली.

पशुसखीचा प्रयोग मात्र आशादायक आहे. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून गावातल्याच बाईला लस, जंतनाशक, प्रथमोपचार शिकवून तिच्याकडे शेळ्यांची देखभाल सोपवायची. २०२२ पासून 'ए-हेल्प' नावाने केंद्रानेही हा मार्ग धरला. येथे ज्ञान ओट्यावरून खाली येण्याची वाट बघावी लागत नाही. फक्त पशुसखी कोणत्या वस्तीतली आहे आणि ती कोणत्या वस्तीत जाते, हे बघायला हवे. आपली मुले-मुली आज राखीव जागांमुळे पशुवैद्यक झाली आहेत, दवाखान्यांत, विद्यापीठांत आहेत. जयंतीला भाषण करून परतण्यापेक्षा त्यांनी महिन्यातून एक रविवार लसीचा शीतडबा आणि वजनकाटा घेऊन वस्तीत यावे. संध्याकाळी यावे, मजुरीवरून बाया परतल्यावर.

तोवर तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना एक काम करता येईल. आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राकडे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकावा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. मागील पाच वर्षांत अनुसूचित जाती उपयोजनेत किती निधी आला, किती पशुपालकांना किती दिवसांचे प्रशिक्षण दिले, ते कोणत्या गावात आणि गावातल्या कोणत्या भागात झाले, त्यात भूमिहीन किती, स्त्रिया किती, आणि प्रशिक्षणानंतर किती घरी कोण परत गेले. यादी नावानिशी मागावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.